ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली नाही



प्रभूचे स्वर्गारोहण आणि पवित्र आत्म्याचे आगमन या दोन घटनांच्या मधल्या दिवसांत यरुशलेममध्ये एक निवड झाली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तिची हकीकत आहे. यूदा इस्कार्योताची जागा रिकामी झाली होती. सुमारे १२० बंधुजन जमले होते. संत पेत्राने अट सांगितली की, योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू स्वर्गात घेतला जाईपर्यंत जे सर्व काळ आपल्या सोबत राहिले, त्यांच्यापैकीच एकाला घ्यायचे. या अटीत बसणारी दोन माणसे पुढे करण्यात आली. एक मत्थिया. दुसरा योसेफ, ज्याला बर्सबा म्हणत. युस्त हेही त्याचे नाव होते. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली.

ख्रिस्तसभा दर वर्षी १४ मे रोजी संत मत्थियाचा सण साजरा करते. योसेफाचे पुढे काय झाले, त्या दिवशी परत जाताना त्याच्या मनात काय आले, हे ते पुस्तक सांगत नाही. आज आम्ही त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने विचार करणार आहोत, कारण आपल्या धर्मग्रामात मत्थिया थोडे आणि योसेफ पुष्कळ आहेत.

सिल्लोडमध्ये पहाटेच्या अंधारात धावणारी मुले आपण पाहतो. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी सैन्यभरतीची. कोणाची ताई डी.एड. करून शिक्षक भरतीची वाट पाहते. कोणी स्पर्धा परीक्षेसाठी छत्रपती संभाजीनगरला नाहीतर पुण्याला खोली घेऊन राहतो आणि इकडे आईवडील मक्याचे, कपाशीचे पैसे पाठवत राहतात. जागा मोजक्या असतात. यादी लागते. एकदोन गुणांनी नाव राहते. पुढच्या वेळी पुन्हा राहते. मग वयाची मर्यादा संपते. त्या दिवशी घरात जे बोलले जाते, ते आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. “पाच वर्षं वाया गेली.” कधी बोलणे याहून कठोर असते. “पोरगं वाया गेलं.”

ही दोन वाक्ये एकमेकांना लागून येतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात वर्षांचा हिशेब आहे, दुसऱ्यात माणसाचा. म्हणून प्रश्न नीट मांडू या. ज्याने मनापासून कष्ट केले आणि ज्याची निवड झाली नाही, त्याचे कष्ट वाया गेले का? आणि तो माणूस वाया गेला का?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एका क्रिकेटपटूची कारकीर्द आम्हांला फार उपयोगी वाटते. पद्माकर शिवलकर यांचा जन्म १४ सप्टेंबर १९४० रोजी मुंबईत झाला. ते डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. मुंबईच्या शिवाजी पार्क मैदानाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. मैदानावर सगळे त्यांना ‘पॅडी’ म्हणत. पहिला प्रथम श्रेणी सामना ते १९६१-६२ च्या हंगामात खेळले आणि शेवटचा १९८७-८८ च्या हंगामात. तेव्हा त्यांचे वय ४७ होते. एकूण १२४ सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले आणि प्रत्येक बळीसाठी सरासरी २० पेक्षाही कमी धावा दिल्या. एका डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी ४२ वेळा घेतले.

मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. त्यातला शेवटचा अंतिम सामना चेन्नईत तमिळनाडूविरुद्ध झाला. चेंडू हातभर वळत होता. मुंबईच्या धावा झाल्या १५१ आणि ११३. एवढ्या धावांवर एरवी कोणी सामना जिंकत नाही. पण तमिळनाडूचा संघ ८० आणि ६१ धावांत संपला. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले.

असा हा गोलंदाज भारतासाठी एकही कसोटी सामना खेळला नाही.

कारण सोपे होते. त्याच काळात, त्याच पद्धतीची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी भारतीय संघात होते. बेदी १९६६ च्या अखेरीस पहिली कसोटी खेळले आणि १९७९ पर्यंत ६७ कसोटींत त्यांनी २६६ बळी घेतले. जगातल्या श्रेष्ठ गोलंदाजांत त्यांची गणना होते. त्यांच्याबरोबर प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे फिरकी गोलंदाज होतेच. एकाच धाटणीचे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज सहसा कोणी संघात घेत नाही. बेदींनी कोणाची जागा लबाडीने घेतली नव्हती. ती त्यांचीच होती. १९७९ मध्ये बेदींची कसोटी कारकीर्द संपली तेव्हा शिवलकर चाळिशीला टेकले होते आणि जागा दिलीप दोशींना मिळाली.

हरियाणाचे राजिंदर गोयल यांची गोष्ट याहून बोचरी आहे. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीत ७५० बळी. १९७४ मध्ये बंगळूरच्या कसोटीतून बेदींना वगळण्यात आले आणि गोयल यांना संघात बोलावले गेले. आता तरी आपण खेळणार, असे त्यांना वाटले असेल. सामन्याच्या सकाळी अकरा जणांत त्यांचे नाव नव्हते. पुन्हा तशी संधी आली नाही.

दूरच्या देशातही हेच दिसते. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ लोकप्रिय आहे. तेथे चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. सर्वांत वरच्या स्पर्धेच्या खाली ‘मायनर लीग’ नावाच्या अनेक पायऱ्या आहेत. असंख्य तरुण तेथे वर्षानुवर्षे थोड्या पैशांवर खेळतात आणि बहुतेक जण वर पोहोचत नाहीत. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू वेगाने चेंडू टाकण्याच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्यांच्याशी करार केला. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. पण त्या दोघांचा बेसबॉलमधला प्रवास खालच्या पायऱ्यांवरच संपला. म्हणजे निवड न होणे हा अपवाद नाही. जेथे जागा थोड्या आणि लायक माणसे अनेक, तेथे बहुतेकांचे हेच होते.

आता यावर लोक जी उत्तरे देतात ती तपासून पाहू.

पहिले उत्तर दैवाचे. “नशिबात नव्हतं.” शिवलकरांच्या आत्मचरित्राचे नाव ‘हा चेंडू दैवगतीचा’ असे आहे. ज्याने एवढे सोसले, त्याने हा शब्द वापरला तर त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण ख्रिस्ती माणूस दैव आणि देव यांत फरक करतो. दैव आंधळे असते. त्याला कोणाचे नाव ठाऊक नसते. देव मात्र प्रत्येकाला नावाने ओळखतो, अशी आपली श्रद्धा आहे. चिठ्ठी योसेफाच्या नावाची निघाली नाही, याचा अर्थ देवाला योसेफ ठाऊक नव्हता असा होत नाही.

दुसरे उत्तर अधिक भाविक वाटते. “देवाची इच्छा.” येथे सावध राहिले पाहिजे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, देव जगाचा कारभार चालवतो म्हणून माणसांची कृत्ये खोटी ठरत नाहीत. माणूस खराखुरा कर्ता असतो आणि आपल्या कृत्याला जबाबदार राहतो. म्हणून निवड समितीचा निर्णय हा निवड समितीचाच निर्णय असतो. तो बरोबर असेल किंवा चूक असेल, पण त्याचा जाब माणसांना विचारता येतो. एखाद्या यादीत कोणी वशिल्याने किंवा पैसे मोजून नाव घातले असेल, आणि ज्याचे नाव गेले त्याला आपण “देवाची इच्छा” म्हणून गप्प बसवले, तर आपण देवाचे नाव व्यर्थ घेतले. दुसऱ्या आज्ञेचा हा भंग आहे. अन्याय झाला असेल तर त्याला अन्याय म्हणावे, कायद्याने दाद मागावी. त्यात श्रद्धेची उणीव नाही. आणि अन्याय झाला नसेल, केवळ दुसरा आपल्यापेक्षा सरस निघाला असेल, तर तेही मान्य करण्याचे धैर्य असावे.

तिसरे उत्तर भरपाईचे. “आज नाही तर उद्या देव देईल.” यासाठी अलीकडे अमोल मुझुमदार यांचे उदाहरण सांगितले जाते. मुंबईचा हा फलंदाज १९९४ मध्ये पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा करून गेला. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा केल्या, पण भारतासाठी कधी खेळला नाही. पुढे ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने विश्वचषक जिंकला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिचा नियम करू नये. शिवलकर आणि गोयल यांना क्रिकेट मंडळाने २०१७ मध्ये सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा दोघेही सत्तरी ओलांडलेले होते. पुरस्काराने मान वाढला. कसोटी सामना परत आला नाही. कित्येकांना तर पुरस्कारही मिळत नाही. ज्याला भरपाई मिळाली नाही, त्याला आपण काय सांगणार? त्याची श्रद्धा कमी पडली म्हणून? असे सांगणे क्रूरपणाचे होईल.

मग खरे उत्तर कोठे आहे?

प्राचीन काळी स्टोइक नावाचे तत्त्वज्ञ होते. त्यांनी दिलेले तिरंदाजाचे उदाहरण सिसरो या रोमन लेखकाने नोंदवले आहे. तिरंदाजाने लक्ष्यावर नेम धरण्यासाठी आपल्या हातात जे जे आहे ते सर्व करावे. बाण लागणे त्याच्या हाती नाही. म्हणून त्याचे खरे साध्य नीट नेम धरणे हे आहे. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. पेरणी त्याच्या हाती, पाऊस नाही. या विचारात मोठे बळ आहे. पण आम्हांला तो पुरेसा वाटत नाही. कारण पाऊस पडला नाही तर शेतकरी रडतो आणि ते रडणे खोटे नसते. प्रभू येशूनेही गेथशेमाने बागेत, हा प्याला टळावा अशी प्रार्थना केली. जे हवे होते ते मिळाले नाही, त्याचे दुःख करणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्या घरी यादीत नाव आले नाही, तेथे पहिले काही दिवस उपदेश करू नये. त्या मुलाला रडू द्यावे आणि त्याच्या शेजारी बसावे.

दुसरा विचार आमच्या काळातला आहे. अलास्डेअर मॅकिंटायर हे पुढे कॅथलिक झालेले तत्त्वज्ञ २०२५ मध्ये वारले. त्यांच्या १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात बुद्धिबळ शिकणाऱ्या एका मुलाचे उदाहरण आहे. मुलाला खेळायची आवड नसते, म्हणून त्याला खाऊचे आमिष दाखवले जाते. जोवर खाऊ हेच कारण आहे, तोवर लबाडी करून जिंकण्यात त्याला फायदाच दिसतो. पण एक दिवस त्याला खेळाचीच गोडी लागते. डाव ओळखणे, धीराने विचार करणे, यांत जे मिळते ते दुसऱ्या कशात मिळत नाही आणि लबाडीने तर मुळीच मिळत नाही. म्हणजे कामातून दोन प्रकारची फळे येतात. मान, पद, पैसा ही बाहेरची फळे; ती कोणीतरी देतो, म्हणून कोणी अडवूही शकतो. काम उत्तम करताना आपल्यात जे घडते ते आतले फळ. ते कोणतीही समिती देत नाही आणि कोणतीही समिती काढून घेत नाही.

शिवलकरांकडे या दृष्टीने पाहा. कसोटीची टोपी हे बाहेरचे फळ. ते मिळाले नाही. पण चेंडूला उंची देणे, त्याच टप्प्यावर शंभर वेळा चेंडू ठेवणे, समोरच्या फलंदाजाचे मन ओळखणे, मार बसला तरी न डगमगणे, ही त्यांची स्वतःची होती. ती होती म्हणूनच ते ४७ व्या वर्षी पुन्हा मैदानात उतरू शकले आणि पुढे तरुण गोलंदाजांना शिकवू शकले. जे केवळ टोपीसाठी खेळतात, ते टोपी मिळणार नाही हे कळल्यावर खेळ सोडतात. इतकी वर्षे कोणी निव्वळ आशेवर गोलंदाजी करत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण याच दिशेने जाते. संत पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनाच्या कारखान्यात मजुरी करत होते. १४ सप्टेंबर १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात त्यांनी शिकवले की, कामाचे मोल प्रथम ते करणाऱ्या माणसावरून ठरते, कारण तो माणूस आहे. केलेल्या कामाच्या प्रकारावरून नव्हे. काम करता करता माणूस अधिक माणूस होतो.

कोणी म्हणेल, “फादर, हे ठीक आहे, पण आतल्या फळाने पोट भरत नाही.” हा आक्षेप खरा आहे. भरतीत नापास झालेल्या मुलाला नोकरी हवी असते, तत्त्वज्ञान नव्हे. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की, प्रयत्न आयुष्यभर चालू ठेवा. चिकाटी हा सद्‌गुण आहे, पण तिला सुज्ञतेची सोबत हवी. केव्हा थांबायचे हे ओळखण्याची एक खूण आम्हांला दिसते. तयारी करताना तुम्ही अजून घडत आहात का? शरीर, बुद्धी, शिस्त, समज वाढते आहे का? की आता फक्त यादीची वाट पाहणे उरले आहे? दुसरे असेल तर सन्मानाने थांबावे आणि दुसरा धंदा, दुसरे शिक्षण हाती घ्यावे. पहाटे उठण्याची शिस्त दुकानातही लागते. पाच वर्षे वाचलेले गणित आणि इतिहास शेजारच्या मुलांना शिकवता येतो. वर्षांचा काही भाग वाया गेलाही असेल. तो हिशेब घराने मोकळेपणाने करावा. पण त्या हिशेबात माणसाला वाया गेलेला धरू नये.

आणि येथे आपल्या सर्वांवर एक कर्तव्य येते. आतले फळ आपोआप दिसत नाही. ते पाहणारे डोळे लागतात. शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी वारले. दुसऱ्या दिवशी दुबईत भारताचा ऑस्ट्रेलियाशी उपांत्य सामना होता. भारताचे खेळाडू त्यांच्या स्मरणार्थ दंडावर काळी फीत बांधून मैदानात उतरले. ज्या संघाने त्यांना कधी कसोटीत घेतले नाही, त्या संघाने त्यांना आपले मानले. हे चांगले झाले. पण आपल्या घरातल्या आणि धर्मग्रामातल्या माणसाला आपले म्हणण्यासाठी त्याच्या मृत्यूची वाट पाहण्याचे कारण नाही. निकाल लागला की आपण पेढे घेऊन मत्थियाच्या घरी जातो. त्याच संध्याकाळी योसेफाच्या घरीही कोणी जावे. “आता काय करणार?” हा प्रश्न त्या दिवशी विचारू नये. “काय काय शिकलास?” असे काही दिवसांनी विचारावे.

पेत्राने सांगितलेली अट पुन्हा वाचा. प्रभूसोबत सर्व काळ राहणे, ही ती अट होती. चिठ्ठी पडण्याआधीच योसेफाने ती पूर्ण केली होती आणि चिठ्ठी दुसऱ्याची निघाल्याने ती रद्द झाली नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नव्या करारात त्या दिवसानंतर मत्थियाचेही नाव पुन्हा येत नाही. निवडलेला आणि न निवडलेला, दोघेही सारख्याच शांतपणे पुस्तकातून दिसेनासे होतात. दोघांनाही प्रभूने एकाच मळ्यात कामाला पाठवले होते.

येत्या रविवारी मिस्सामध्ये भाविकांच्या प्रार्थनेत आम्ही एक विनंती घालणार आहोत: ज्यांची नावे यादीत आली नाहीत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. आपल्या घरी असा कोणी असेल तर त्याला त्या दिवशी सोबत घेऊन या. परीक्षा देऊन थांबलेल्या तरुणांपैकी ज्यांना लहान मुलांचा अभ्यास घ्यायची किंवा त्यांना मैदानावर धावायला शिकवायची इच्छा असेल, त्यांनी मिस्सा संपल्यावर आम्हांला भेटावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू